शेतकऱ्यांच्या मुलांची महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी

मृग नक्षत्र लागले की आमच्या कार्यालयात बियाणे, खते आणि पीक विमा यांची चौकशी करणाऱ्यांची गर्दी होते. गेली काही वर्षे या गर्दीत आणखी एका प्रकारचे शेतकरी दिसू लागले आहेत. त्यांच्या हातात बियाण्याची पिशवी नसते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद असतात आणि बरोबर बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी असते. "साहेब, पोरीला कृषी महाविद्यालयात घालायची आहे, काय काय लागते?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न योग्यच असतो, परंतु तो विचारण्यास बहुधा दोन वर्षांचा उशीर झालेला असतो.

अशीच एक मुलगी तिच्या वडिलांसह माझ्याकडे आली होती. कोरडवाहू पाच एकरांचे ते कुटुंब. मुलीला प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळाले होते आणि राखीव जागांच्या यादीत तिचे नावही लागले होते. परंतु जातवैधता प्रमाणपत्र हाती नव्हते. अर्ज केला होता तो निकालानंतर. समितीने आजोबांच्या काळातील पुरावा मागितला होता आणि वडील त्या वेळी पेरणीत गुंतले होते. त्या वर्षी दिलेली मुदत संपली आणि जागा गेली. खुल्या जागांच्या यादीत तिचा क्रमांक थोडक्यात हुकला. ती मुलगी माझ्यासमोर रडली नाही. वडील मात्र बराच वेळ हातातील कागद नीट लावीत बसले होते. मुलगी हुशार होती, मेहनत केली होती, कुटुंबाची तयारी होती. उणीव राहिली ती केवळ वेळेची आणि माहितीची. ज्यांच्या घरी पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांच्या मुलांच्या बाबतीत हीच उणीव पुनःपुन्हा आढळते, म्हणून हा लेख.

रोपे काटक करणे

वांगी, मिरची किंवा टोमॅटो यांची रोपे लावणाऱ्या शेतकऱ्यास हे सांगावयास नको की गादीवाफ्यावरचे रोप उपटून एकदम शेतात नेले तर ते माना टाकते. म्हणून लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर वाफ्याचे पाणी कमी करीत आणतात, रोपास थोडा ताण देतात, आणि उपटण्याच्या वेळी पुन्हा पाणी देतात. असे काटक झालेले रोप नव्या जमिनीत लवकर मूळ धरते. आपली मुले मात्र आपण या संस्काराशिवाय उपटतो. दहावीपर्यंत गावात, मराठीत, आईच्या हातचे जेवून शिकलेले मूल अकरावीस तालुक्याच्या गावी जाते आणि दोन वर्षांनी राहुरीस, अकोल्यास, परभणीस किंवा दापोलीस वसतिगृहात पोचते. या दोन लावण्यांपैकी पहिली अधिक अवघड असते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. यास्तव तयारीचा आरंभ दहावीची परीक्षा संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात झाला पाहिजे.

कागदपत्रे: उन्हाळ्याचे काम

शेताच्या कामांचे आणि प्रवेशाच्या कामांचे वेळापत्रक एकमेकांच्या आड येते. निकाल, अर्ज, कागदांची पडताळणी, शुल्क भरणे हे सारे मे महिन्यापासून पावसाळ्यापर्यंत चालते, आणि नेमक्या त्याच काळात शेतकऱ्यास मान वर करावयास सवड नसते. यावर उपाय एकच. कागदांचे काम त्या वर्षीच्या जूनमध्ये न करता आधीच्या वर्षीच्या उन्हाळ्यात उरकावे.

अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र यांसाठी आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. यांपैकी उत्पन्नाच्या दाखल्यास आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रास मुदत असते, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. दोन वर्षांपूर्वी काढून ट्रंकेत ठेवलेले प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवशी निरुपयोगी ठरलेले मी पाहिले आहे.

सर्वांत वेळ लागतो तो जातवैधतेस. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा. त्यासाठी कुटुंबाचे जुने वास्तव्य आणि जातीची जुनी नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. साहजिकच विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कागदांनी हे काम भागत नाही; आजोबा-पणजोबांपर्यंत मागे जावे लागते. आजोबा दोन-तीन इयत्ता का होईना शाळेत गेले असतील, तर त्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात, ज्यास काही भागांत दाखल-खारीज म्हणतात, त्यांची नोंद सापडते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाची, चुलत्याची किंवा आत्याची नोंद शोधावी. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा, उतारा तहसील कार्यालयातून मिळू शकतो. पुष्कळदा कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी येऊन राहिलेले असते, तेव्हा हा शोध मूळ गावी जाऊन घ्यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचे मोडी वळणाचे अक्षर वाचणारा माणूस गाठावा लागतो. हे काम जूनमध्ये आठ दिवसांत होण्यासारखे नाही, हे आता वेगळे सांगावयास नको.

नावांतील फरक हा आणखी एक जुनाट रोग होय. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि सात-बारावर तिसरे नाव असते. कोठे आडनावाचे स्पेलिंग निराळे, कोठे वडिलांचे घरगुती नाव. शाळेच्या दाखल्यातील चूक दहावीपूर्वी दुरुस्त करणे सोपे असते, नंतर फार खटाटोप पडतो. सात-बारा उताऱ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबातील उमेदवारास अधिभाराची तरतूद असते; तिचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत. परंतु अनेक घरी जमीन अद्याप मयत आजोबांच्या नावावर असते आणि वारस नोंद राहून गेलेली असते. ही नोंद पीक कर्जासाठी आणि शासकीय योजनांसाठी तशीही आवश्यक आहेच. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने ती झाली तर एका कामात दोन कामे होतील.

भाषेची अडचण

मी स्वतः मराठी माध्यमाच्या खेड्यातील शाळेत शिकलो. दहावीस शाळेत पहिला आलो तेव्हा गावाने नारळ देऊन सत्कार केला. चार महिन्यांनी अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला २५ पैकी ४ गुण मिळाले. वर्गात शिक्षक काय बोलत ते मला मुळीच समजत नसे. समजत नाही हे विचारण्याचीही लाज वाटे, कारण प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल अशी माझी समजूत होती. घरी मी गुण सांगितले नाहीत. विज्ञान सोडून परत यावे असा विचार त्या दिवाळीपर्यंत रोज मनात येत असे.

जीवशास्त्रात तेव्हा 'ऑस्मोसिस' नावाचा पाठ चालू होता. व्याख्या पाठ केली होती, अर्थ लागत नव्हता. दिवाळीच्या सुटीत घरी मिरचीला युरिया देत होतो. वडील बांधावरून ओरडले, "बुडाशी टाकू नको, रोप जळेल!" रोप का जळते हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "खत मुळातले पाणी ओढून घेते." मी तेथेच थांबलो. खताचे तीव्र द्रावण मुळाबाहेर असले की मुळाच्या पेशींतील पाणी त्यांच्या पातळ पडद्यातून बाहेर जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तेही याच कारणाने. इंग्रजी पुस्तकातला तो पाठ आमच्या शेतात आणि आईच्या लोणच्याच्या बरणीत आधीपासून होता. आमच्या शाळेच्या जुन्या पुस्तकात त्यास परासरण म्हटले होते. अडचण विषयाची नव्हतीच. नाव बदलल्यामुळे ओळखीचा माणूस अनोळखी झाला होता.

त्या दिवसापासून मी एक वही केली. पानाच्या एका बाजूस इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी शब्द आणि खाली आपल्या शेतातील किंवा घरातील त्याचे उदाहरण. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने अशी वही करावी, असा माझा आग्रह आहे. रोज दहा शब्द घेतले तरी दोन महिन्यांत सहाशे होतात, आणि अकरावीच्या पहिल्या सहामाहीचे ओझे निम्म्याने हलके होते. उदाहरणांची आपल्याकडे वाण नाही. भाताचे बियाणे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकले की पोकळ दाणे तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. ही घनता, इंग्रजीत डेन्सिटी. कोळपणीने जमिनीच्या वरच्या थरातील बारीक नळ्या तुटतात व ओल उडून जात नाही. ही केशाकर्षणाची, कॅपिलरीची, गोष्ट. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे ७४६ गुणिले ५, अर्थात ३,७३० वॅट. पूर्ण भाराने तो तासभर चालला तर साधारण पावणेचार युनिट वीज खर्च होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर ४५ किलोच्या गोणीत किती? उत्तर २०.७ किलो. शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची असेल तर किती युरिया लागेल? सुमारे २१७ किलो. ज्या मुलाने हे हिशेब खत आणताना वडिलांबरोबर केले आहेत, त्यास रसायनशास्त्रातील टक्केवारीची भीती वाटत नाही.

इंग्रजी बोलता आले पाहिजे हा निराळा मुद्दा आहे आणि तो पुढे आपोआप सुटतो. आरंभी वाचलेले समजणे एवढे पुरे. प्रश्न मराठीत विचारला म्हणून कोणत्याही समंजस शिक्षकाने विद्यार्थ्यास हाकलून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

विषयांची निवड व प्रवेश परीक्षा

अकरावीस प्रवेश घेताना भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांबरोबर शक्य असल्यास गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत. कृषी पदवीस जीवशास्त्राच्या वाटेने किंवा गणिताच्या वाटेने जाता येते, परंतु कृषी अभियांत्रिकीस गणित लागते आणि पशुवैद्यकास जीवशास्त्र व नीट परीक्षा लागते. सोळाव्या वर्षी एक दार बंद करून टाकण्याचे कारण नाही. मात्र चारही विषयांचा भार ज्यास खरोखरच झेपत नाही, त्यावर तो लादू नये.

राज्यातील कृषी पदवीच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. सध्याच्या पद्धतीत ती संगणकावर होते. जीवशास्त्राच्या गटात २०० प्रश्न असतात: जीवशास्त्राचे १००, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे पाचवा हिस्सा प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' असे समजणाऱ्याचे नुकसान येथे होते आणि त्याहून मोठे नुकसान बारावीत होते, कारण बारावीचे मजले अकरावीच्या पायावर उभे असतात. निकाल टक्क्यांत नसून पर्सेंटाइलमध्ये लागतो. ८० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ८० गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी साधारण ८० टक्के मुले तुमच्या बरोबर किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पालकांनी शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी याची तुलना करून घरात कलह माजवू नये.

शिकवणीवर्गांविषयी माझे मत थोडे कडक आहे. चांगले वर्ग आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी कागदावर, आणि प्रत्यक्ष शिक्षण दूरच्या शहरातील वर्गात, या व्यवस्थेसाठी एकराची जमीन गहाण टाकलेले पालक मी पाहिले आहेत. प्रयोगशाळेत एकदाही न गेलेला मुलगा कृषी महाविद्यालयात सूक्ष्मदर्शकासमोर गोंधळून उभा राहतो. ज्यास कृषी पदवीच हवी आहे, त्यास राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके बारकाईने वाचणे आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे, हा मार्ग स्वस्त व खात्रीचा आहे. त्यानंतर पैसे व वेळ उरला तर वर्ग लावावा.

विज्ञान झेपत नसेल तर दहावीनंतर मराठी माध्यमातील कृषी तंत्र विद्यालयाची पदविका आहे. ज्यास घरची शेती सुधारावयाची आहे, त्याने तिला कमी लेखू नये.

पैशाची तजवीज

महाविद्यालयाचे शुल्क आणि पेरणीचा खर्च एकाच पंधरवड्यात येतो. म्हणून तूर, हरभरा किंवा कांदा विकला की त्यातील ठरावीक रक्कम विद्यार्थ्याच्या नावे बँकेत वेगळी ठेवावी. दोन वर्षांच्या चार हंगामांत पहिल्या वर्षापुरती शिल्लक पडते. पीक कर्जाच्या रकमेतून शुल्क भरणे टाळावे. ते कर्ज वर्षात फेडावयाचे असते आणि शिक्षणाचे फळ चार वर्षांनी लागते. जरूर पडलीच तर बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे. त्याची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपून आणखी एक वर्ष गेल्यावर सुरू होते, आणि ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण द्यावे लागत नाही.

शासनाच्या सवलती पुष्कळ आहेत. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तसेच अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचे असतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत पूर्ण सवलत आहे. खर्चाचे कारण सांगून मुलीचे शिक्षण थांबविणाऱ्या पालकांस ही गोष्ट आवर्जून सांगावी. तथापि शिष्यवृत्तीची रक्कम आधार जोडलेल्या खात्यात उशिरा येते, तिच्यावर विसंबून खानावळीचे पैसे ठरवू नयेत.

घरातील वर्तन

आता थोडे पालकांशी. शेतीच्या कामात मुलाने हात लावू नये असे मी म्हणणार नाही. ते वर सांगितलेल्या वहीच्याही विरुद्ध होईल. परंतु शेतीची वीज रात्री येते आणि पाणी धरावयास मुलास पाठविले जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, बारावीची परीक्षा तोंडावर असताना, रात्री दोन वाजता गव्हाला पाणी देऊन आलेला मुलगा सकाळी पुस्तकावर झोपणारच. हे दोन महिने तरी शेजाऱ्याशी वारंगुळा करून पाळी बदलून घ्यावी. मुलींच्या बाबतीत स्वयंपाक, भांडी व धुणे यांचा हिशेब कोणी धरीतच नाही, तोही धरावा.

"माझ्यासारखे मातीत जाऊ नको, म्हणून शिक" असे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. ते प्रेमापोटी बोललेले असते. परंतु ज्या मुलाच्या मनात बापाच्या धंद्याविषयी लाज भरली, तो वसतिगृहात आपल्या गावाचे नाव लपवितो, आणि आपल्याला ठाऊक असलेले शंभर विषयही वर्गात बोलून दाखवीत नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावी जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. त्या वेळी शहरी मुले ज्या गोष्टी वहीत उतरवून घेतात, त्या आपल्या मुलांना बाराव्या वर्षीच येत असतात.

वसतिगृहात जाण्यापूर्वी मुलामुलींना, मुलग्यांनाही, चार पदार्थ करता आले पाहिजेत, कपडे धुता आले पाहिजेत आणि महिन्याचा जमाखर्च लिहिता आला पाहिजे. बारावीच्या वर्षी दर आठवड्यास ठरावीक रक्कम देऊन तिचा हिशेब लिहावयास लावावे. पहिले दोन-तीन महिने करमत नाही, रडू येते; त्यात गैर काही नाही. अशा वेळी "परत ये" असेही म्हणू नये आणि "सहन कर" म्हणून फोन ठेवूही नये.

गावपातळीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडून या बाबतीत पुष्कळ होण्यासारखे आहे. कोणत्या घरी दहावीचा विद्यार्थी आहे, कोणाची वारस नोंद राहिली आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. एप्रिलमध्ये खरीपपूर्व सभा घेतो तेव्हा शेवटची वीस मिनिटे या विषयास द्यावीत आणि मुख्याध्यापकांना बोलावून घ्यावे. आजोबांच्या शाळेतील नोंदीचा अर्ज कसा लिहावा, हे तेथेच दोघा-तिघांकडून लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले घरी पोचेपर्यंत विसरते.

आरंभी जिची हकीकत सांगितली त्या मुलीने ते वर्ष घरी काढले. वडिलांनी भाद्रपदात, मूग निघाल्यावर, तिच्या आजोबांचे मूळ गाव गाठले. शाळेच्या रजिस्टरात आजोबांच्या थोरल्या भावाची १९४८ सालची नोंद मिळाली. पुढल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. सध्या ती तिसऱ्या वर्षास आहे. तिची धाकटी बहीण यंदा अकरावीत गेली असून तिच्या वैधतेचा अर्ज दिवाळीपूर्वीच दाखल झाला आहे.